इटलीतले आठ दिवस

दुकानदाराने सातवी शाल उलगडली तेव्हा काशीचा धीर सुटला.

"त्या मेल्याला शाल?" ती म्हणाली. "आनि तीपन आपले पैशानी?"

"जरा जाड दाखवा," तिच्या नवऱ्याने, नामदेव मास्तरांनी, दुकानदाराला सांगितलं. "साहेबांना एसीत थंडी वाजते."

साहेब म्हणजे कारखानीस. निवृत्त नगररचनाकार, वय पंच्याऐंशी. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आखलेला रस्ता नव्या मुंबईतल्या शिरवणे गावात मास्तरांच्या घरावरून गेला. घराच्या बाजूने नाही, घरावरून. मास्तरांची आई बयाबाई तेव्हा साहेबांच्या टेबलासमोर हात जोडून उभी राहिली होती. रस्ता दहा हात वाकवा, एवढंच तिचं मागणं. साहेब नुकतेच सरकारी अभ्यासदौऱ्यावरून परतले होते. म्हणाले, "बाई, इटलीत आठ दिवस राहून बघून आलोय मी. तिथे समुद्राकडे जाणारा रस्ता कुणाच्या घरासाठी वाकत नाही."

बयाबाई घणसोलीला भावाच्या पडवीत राहायला गेली. इटली कुठं हाय, असं येईल त्याला विचारायची. मास्तर चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी एक दिवस नकाशाच काढून दाखवला. म्हातारीने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हिचा आपुन काय वाईट केला व्हता?" त्यानंतर तिने विचारणं बंद केलं आणि पुढच्या चैत्रात श्वास घेणंही.

आता त्याच रस्त्याला कारखानिसांचं नाव द्यायचं घाटत होतं. ज्येष्ठ नागरिक संघाने ठराव करायचा, नगरसेवकांनी तो पुढे रेटायचा. रविवारी सत्कार, लगेच हात वर करून मतदान. सत्काराआधी साहेबांच्या लाडक्या इटालियन गावावर व्याख्यान हवं होतं, आणि ते मास्तरांनी आपण होऊन मागून घेतलं. सत्काराची शालही माझ्याकडून, म्हणाले.

मास्तर विरघळले, असा शिरवण्यात बोभाटा झाला. नगरसेवकांनी मास्तरांच्या नातवाला कुठेतरी नोकरीला चिकटवला असणार, असंही लोक म्हणाले. काशीने आठवडाभर घरात मासळी आणली नाही. आगरी घरात याहून कडक शिक्षा नाही. मास्तर मुकाट्याने दुधी खात राहिले.

रविवारी सोसायटीचा हॉल गच्च भरला. साहेब मधल्या खुर्चीत, अंगावर मास्तरांची जाड शाल. काशी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. रागाने उठून जायचं तर सोपं पडावं म्हणून.

मास्तरांनी सुरुवात केली. गावाचं नाव मिलानो मारित्तिमा. नुसती वाळू आणि पाइनचं रान होतं तिथे. १९१२ साली मिलानच्या पैसेवाल्यांनी शेजारच्या चेर्वियाच्या नगरपालिकेशी करार केला आणि गावाचा आराखडा काढायला दिला चक्क एका चित्रकाराला. झाडांत लपलेले बंगले, प्रत्येकाला बाग. आपल्याकडे आधी झाडं तोडतात आणि मग बिल्डिंगला त्यांची नावं देतात, असं मास्तर म्हणाले. हॉल हसला. साहेबही हसले.

"चेर्विया हे आपल्यासारखंच मिठागरांचं गाव," मास्तर पुढे म्हणाले. "दलदलीतला हिवताप सोसेना म्हणून त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं ते अख्खं गाव उचलून दुसरीकडे वसवलं. तेव्हा चौकाभोवती घरं कुणाची बांधली? मिठागरात राबणाऱ्यांची."

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. काशीची मान वर झाली.

साहेबांनी माईक मागून घेतला. "मास्तर, ती सतराव्या शतकातली गोष्ट," ते मऊ आवाजात म्हणाले. "मी विसाव्या शतकातलं गाव बघून आलो."

टाळ्या पडल्या. नगरसेवकांनी सगळ्यात आधी वाजवल्या. मास्तरांनी मान खाली घातली. काशीने पर्स उचलली.

"बरोबर आहे साहेब," मास्तर म्हणाले. "मी पुस्तकात वाचलेला माणूस, तुम्ही राहून आलेले. आता मी थोडे फोटो दाखवतो, बोला तुम्हीच."

दिवे मंद झाले. पडद्यावर दुतर्फा ताडांचा रुंद रस्ता आला.

"अहाहा," साहेब म्हणाले. "बघा किती सरळ. यावरूनच मी आपला रस्ता आखला."

मग कमानींची नारिंगी इमारत, सावलीत झोपलेला कुत्रा. तिथली कुत्रीसुद्धा शिस्तीची, असं साहेबांनी सांगितलं. मग पाणी, काठावर दगडी बाक. संध्याकाळी समुद्राकाठी याच बाकावर बसून आपण नव्या मुंबईची स्वप्नं पाहिली, असं सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला. मागून कुणीतरी विचारलं, फोटो आत्ताचे आहेत ना हो, सगळं कसं कोरं दिसतंय.

"चाळीस वर्षांत काही बदललं नाही तिथे," साहेब म्हणाले. "याला म्हणतात नियोजन."

शेवटच्या फोटोत हिरव्या झडपांच्या खिडक्या होत्या. साहेब शाल सावरत उठले, पडद्याजवळ गेले आणि एका खिडकीवर त्यांनी बोट ठेवलं. "दुसरा मजला. आठ दिवस मी इथे राहिलो."

हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. दोघीतिघींनी डोळे पुसले. काशी दारापर्यंत पोचली होती.

संघाच्या सचिव जागृतीताईंनी ठरावाचा कागद हातात घेतला. हात वर करायच्या आधी आभार मानते, म्हणाल्या; मास्तर, फोटो कुणी काढले, नाव घ्यायचंय.

"मीच काढले, परवा," मास्तर म्हणाले. "नावड्याच्या पुढे ती इटालियन थाटाची नवीन बिल्डिंगांची स्कीम होतेय ना, तिथले. समुद्र म्हणजे आपल्या सेक्टरमागचं पावसाच्या पाण्याचं साठवण तळं." मग ते साहेबांकडे वळले. "आणि साहेब, ती खिडकी सँपल फ्लॅटची. तिथे अजून कुणीच राहिलेलं नाही."