दोन फ्लेक्स, एक चूल

आखातातलं युद्ध थांबलं, तरी चाकणमधल्या खातूनबींच्या मेसला गॅस मिळेना. दाराशी मात्र दोन फ्लेक्स झळकले. एकात टंचाईचं खापर सरकारवर फोडलेलं, दुसऱ्यात विरोधकांवर. ते लावणारे दोन पक्षांचे कार्यकर्ते, नवनाथ आणि उद्धवराव, दोघंही रोज इथेच जेवायचे. आज शिफ्ट सुटून कामगार आले, तर भात शिजलेला नव्हता. दोघं पुन्हा हमरीतुमरीवर आले. खातूनबींचं डोकंच फिरलं. "दोष कुणाचा ते मागनं ठरवा. मी विटांची चूल मांडलीय, ती कशानं पेटवू ते आधी सांगा!" नवनाथ बाहेर जाऊन स्वतःच्याच फ्लेक्सची लाकडी चौकट मोडून घेऊन आला. उद्धवराव घुटमळले, मग तेही उठले. चूल धडधडली. भात वाढताना खातूनबी पुटपुटल्या, "आजचं भागलं. उद्याचं काय?" "चौकात आमचे अजून चार फ्लेक्स," उद्धवराव म्हणाले. नवनाथचा घास थांबला. "आमचे सहा!"