मला विचारा

वजन : रुग्णाचं, किलोमध्ये.
वेग : मिनिटाला किती थेंब.
आवाज : पंप अडला तर किती मोठ्यानं ओरडायचं.
के-सात : ८३. बदलू नका. का, ते मला विचारा.

सलाईनच्या पंपाचा प्रोग्रॅम, ऑफिसात सगळे ज्यांना मास्तर म्हणायचे, त्यांनी लिहिला होता. पंप उद्या इस्पितळात जायचे होते आणि त्याआधी प्रत्येक व्हेरिएबलपुढे त्याचा अर्थ लिहिणं तिच्या गळ्यात पडलं होतं. एकशे बारा लिहून झाली, एक उरलं : के-सात, त्यापुढे फक्त मास्तरांनी लिहिलेली ती ओळ. ८३ म्हणजे थेंब, मिनिटं, की आणखी काही? शेवटी तिनं मास्तरांच्या घरी फोन लावला.

“वहिनी, के-सात असं काही ते कधी बोलले होते का?”

“अगं, घरातही तेच. कपाटाच्या पाच किल्ल्या, एकीवरही चिठ्ठी नाही. विचारलं की म्हणायचे, मी कुठं पळून चाललोय? मला विचार. ते गेल्यापासून कपाट बंदच आहे. तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये किल्लीबद्दल काही सापडलं तर कळव हं.”

तिनं मास्तरांची ओळ पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं : “अर्थ माहीत नाही. कळेपर्यंत पंप पाठवू नयेत.” मग साहेबांची बोलणी खायला जाण्याआधी ती पाणी प्यायला उठली.

अकरा वर्षं मास्तरांची खुर्ची तिच्या खुर्चीला लागून होती.