मुठीतला मका

डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि फरशीवर गरगरत पलंगाखाली गेलं. सकाळची शांतता मोडली. रिना जागी झाली आणि डोळे न उघडताच म्हणाली, "सालेहामावशी उनी का?"

झाकण शोधायला वाकलेली कोकिळा तशीच खाली बसून राहिली. चार वर्षांचं लेकरू, आणि उठल्यावर पहिलं नाव आईचं नाही.

"सालेहामावशी तिन्हा घरमा शे," ती म्हणाली. "मी शे ना आठे."

नवरा सुरतेला. नंदुरबारात भाड्याची एकच खोली, तिथे नेट चालत नाही, आणि पोरीला सांभाळायला कुणी नाही. म्हणून ती रिनाला कडेवर घेऊन रोज शांतीताईंच्या हॉलवर जायची. मिरचीच्या गोदामावरचा लांबलचक हॉल, टेबलं, वायफाय, इन्व्हर्टर आणि आपापलं काम घेऊन बसणारी माणसं. कोकिळा कानाला हेडफोन लावून कुठल्या कुठल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. हॉल होता म्हणून नोकरी होती.

सालेहा दिवाळीनंतर आली. लग्नपत्रिका डिझाइन करायची. आल्या आल्या तिनं हॉल आपलासा करून टाकला. तिच्या सांगण्यावरून मिरचीच्या ठसक्यावर पंखा बसला. दर शुक्रवारी सगळ्यांनी डबे एकत्र उघडायचे, हेही तिचंच. आधी कोकिळाच्या कळण्याच्या भाकरीवर सगळे तुटून पडायचे. आता सालेहाच्या शेवयांची वाट बघत बसायचे.

तेवढं कोकिळानं गिळलं असतं. पण तिचा कॉल सुरू झाला, रिनानं गाणं धरलं, की सालेहा अलगद यायची आणि पोरीला उचलून मागच्या गच्चीत न्यायची. काचेतून दिसायचं, दोघी खडूनं फरशीवर मासे काढतायत. आपली लेक दुसरीच्या मांडीवर खिदळतेय, आणि आपण कुणा साहेबाची माफी मागतोय. सालेहाला मूल नव्हतं. ते मनात आलं की कोकिळाला स्वतःचीच लाज वाटायची. तरी यायचंच.

मग कपाटं आली. प्रत्येकाला एक कप्पा, आणि त्यावर सालेहानं रंगवलेलं नाव. शेवटचं दार तेवढं कोरं.

"मन्हं नाव?" कोकिळानं विचारलं.

सालेहानं शांतीताईंकडे पाहिलं. शांतीताई म्हणाल्या, "तुन्हं थांबू दे जराखं. शनवारनंतर देखू."

जीएसटीची कामं करणाऱ्या धर्मेंद्रनं घाईघाईनं हेडफोन चढवला. हल्ली कोकिळा आत आली की बोलणी अशीच तुटायची. हेही त्या बयेचंच काम, तिनं मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी निवड होती. हाताशी होते तेवढ्या पैशांत हॉलात एकच काहीतरी नवं होणार होतं. धर्मेंद्रला फोनसाठी बंद केबिन हवी होती. सालेहानं मुलांच्या खोलीचा प्रस्ताव मांडला होता. आत झोळी, खेळणी, आणि आवाज बाहेर येणार नाही असं जाड दार.

"तुला गं काय करायची मुलांची खोली?" कोकिळानं सगळ्यांदेखत हसत विचारलं.

सालेहाचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "रिनासाठी, भाभी. मी बसेन ना तिच्याजवळ अधूनमधून."

बघा. म्हणजे पोरीला स्वतःकडे ठेवून घ्यायला खोलीसुद्धा बांधून हवी.

चिठ्ठीवरचं अक्षर ओळखू येतं, म्हणून शांतीताईंच्या हॉलात दाण्यांनी ठरायचं. प्रत्येकाला एक मक्याचा दाणा, एक तुरीचा. एक मडक्यात टाकायचा, उरलेला मूठ झाकून न्यायचा आणि जाताना चिमण्यांना टाकायचा. मका म्हणजे खोली, तूर म्हणजे केबिन.

"मक्का मन्ही खोलीना!" रिना सालेहाच्या मांडीवरून ओरडली. सगळे हसले. रिनानं सालेहाच्या कानातलं धरून तिचा गाल आपल्या गालाला लावला.

कोकिळा मडक्यापाशी उभी होती. मक्याचा दाणा तळहातात कोमट झाला होता. तिनं तूर टाकली.

शांतीताईंनी मडकं ताटात पालथं केलं, दाणे बोटानं वेगळे केले. तूर एकानं जास्त.

कुणी टाळी वाजवली नाही. जिंकलेला धर्मेंद्रसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागला. हरलेली सालेहा कशी दिसते हे पाहायला कोकिळानं मान वळवली. सालेहा रडत होती.

"एवढ्याशा खोलीसाठी?" कोकिळा म्हणाली.

"बस, कोकिळा," शांतीताई म्हणाल्या. "पोरगीना आवाज सगळासना फोनवर जास. महिना झाला, लोकं म्हणी ऱ्हायनात, पोर कडेवर लिसन येनारीले बंद करा. हाई सालेहाच आडवी पडनी. म्हने, खोली होऊ द्या, मंग कोनलेच काही सांगानी गरज नही. तुले तं कळूच द्यानं नही, वाईट वाटी म्हने. आते मन्हा इलाज नही, बेटी. सोमवारपासून..."

त्यांची नजर कपाटांकडे गेली. कोपऱ्यातल्या कपाटाचं ते एक दार कोरं होतं.

सालेहा उठून जवळ आली. "माफ करा, भाभी. मी एकेकाला भेटून आले होते. तुमचा दाणा धरून आपण जिंकत होतो. कोण फिरलं, कळत नाही."

कोकिळानं मूठ घट्ट केली.

रिना मांडीवरून उतरून आईकडे आली होती. मूठ झाकलेली दिसली की ती उघडायची, हा मायलेकींचा रोजचा खेळ. तिनं हसत एकेक बोट सोडवलं, तळहातात पाहिलं, आणि मग वर, आईच्या तोंडाकडे.

"माय, मक्काना दाना तुन्हा हातमा कसा?"