आदर्श पाठ

नरडाण्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरल्यावर भामरे सरांना वाटलं, समोरून येणाऱ्या गाडीनं तसंच धुळ्याला परत जावं. बेबाला काय सांगायचं, ते रस्ताभर विचार करूनही ठरलं नव्हतं.

चुडामण भामरे धुळ्यातल्या एका अध्यापक विद्यालयात होते. उद्या शिक्षक होणाऱ्या मुलामुलींना पाठाचं नियोजन कसं करावं, कुठल्या धड्याला कुठली पद्धत वापरावी, हे ते शिकवत. बेबा त्यांची विद्यार्थिनी. फाट्यापासून जवळच्याच खेड्यातली, घरात पहिलीच इतकी शिकलेली. महिन्याभरापूर्वी ती वसतिगृह सोडून गेली ती परतलीच नव्हती. शिकवणं आपलं काम नाही, एवढंच मैत्रिणींना सांगून गेली होती.

ती का गेली, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

सर दरवर्षी एक आदर्श पाठ घेत. जवळच्या प्राथमिक शाळेतली चौथीची मुलं विद्यालयाच्या सभागृहात आणायची, मागे सगळ्या भावी शिक्षकांनी बसायचं, आणि नुसते प्रश्न विचारून मुलांकडूनच धडा कसा काढून घ्यायचा ते सरांनी दाखवायचं. यंदा प्राचार्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांनाही बोलावलं. सर धास्तावले. मुलं गप्प बसली तर?

आठवडाभर आधी, शनिवारी, ते चौथीच्या धनसिंग गुरुजींच्या घरी गेले. आपण काय विचारणार आणि मुलांनी काय म्हणायचं, ते तोंडी सांगून आले.

"आठवडाभर घोटून घ्या. बोभाटा नको," सर म्हणाले.

"काळजी सोडा," गुरुजी म्हणाले.

विद्यालयातली मुलंमुली त्या आठवड्यात सरावासाठी गावातल्या निरनिराळ्या शाळांत पांगली होती. पाठाच्या दिवशी चौथीची रांग घेऊन सभागृहात बेबा आली, तेव्हा सरांना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"ओलं धोतर दोरीवर वाळतं, तेव्हा त्यातलं पाणी जातं कुठं?" सरांनी विचारलं.

भराभर हात वर झाले. एक मुलगी म्हणाली, पाणी सूर्य पितो. लगेच दुसरा उठला, मग घरात टाकलेलं फडकं कसं वाळतं? मुलं आपापसात वाद घालू लागली, आणि वाद घालता घालता बाष्पीभवनाच्या दाराशी येऊन उभी राहिली. सर थक्क झाले. गुरुजींनी चुकीची उत्तरंसुद्धा बसवून घेतली होती. इतकं खरं वाटत होतं ते.

शिक्षणाधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. सरांना ती थाप सोसवेना. पुढं धनसिंग गुरुजी बाजारात दिसले, तर नजर चुकवून दुसऱ्या गल्लीत शिरले. सरांनाही बरंच वाटलं. त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत.

मग बेबाचा सराव पाठ आला. तिनं तोच विषय निवडला. शाळा वेगळी, मुलं अनोळखी, पण प्रश्न सरांचेच, शब्दाला शब्द. मागच्या बाकावर सर निरीक्षणाला बसले होते. वर्ग दगडासारखा गप्प राहिला. बेबानं तोच प्रश्न तीन वेळा विचारला. शेवटी तिचाच आवाज बसला.

नंतर चर्चेत, सगळ्यांसमोर, सर म्हणाले, "प्रश्न तेच. इयत्ता तीच. माझ्यापुढची मुलं बोलली, तुझ्यापुढची बोलली नाहीत. मग उणीव कोणात?"

"माझ्यात, सर," बेबा म्हणाली.

बोलतानाच सरांना कळलं होतं, आपण काय करतो आहोत ते. तरी ते थांबले नाहीत. थांबले असते तर का थांबले ते सांगावं लागलं असतं. तेव्हापासून फळ्यावर 'प्रश्नोत्तर पद्धत' असं लिहायचं ते टाळू लागले.

बेबाच्या घरी तिची आई, झुंबरबाई, ओसरीवर शेंगा फोडत होती.

"बसा सर. पोर वावरमा गयेल शे. यी आते," ती म्हणाली. मग हळूच, "घर वनी तईपासून बोलत नही. तुमीच समजाडा."

थोड्या वेळानं बेबा आली. ओटीत कापूस होता. सरांना पाहून तिनं पदर सावरला आणि खाली मान घालून उभी राहिली.

"परत चल," सर म्हणाले. "मी प्राचार्यांशी बोललो आहे."

"नको, सर. उगाच एक जागा अडेल. मला नाही जमत ते."

"एका पाठावरून असं ठरत नसतं."

"तुम्हीच म्हणालात ना, उणीव कोणात. खरंच होतं ते. तुम्ही विचारलं आणि मुलं कशी बोलायला लागली, मी डोळ्यांनी पाहिलंय."

झुंबरबाईनं आणलेलं पाणी सरांनी हातातच धरलं. खरं सांगितल्याशिवाय ही येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. सगळं सांगायचं धैर्य होत नव्हतं. निदान अर्धं तरी सांगावं.

"माझा तो पाठ तू विसर," ते म्हणाले. "त्याच्याशी तुझी तुलना मी करायला नको होती. ती मुलं आधीच तयार झालेली होती. धनसिंग गुरुजींनी आठवडाभर मेहनत घेतली होती त्यांच्यावर."

बेबानं पहिल्यांदाच मान वर केली.

"गुरुजींनी?" ती म्हणाली. "गुरुजी तर सोमवारीच एदलाबादला गेले, सर. त्यांचे सासरे वारले. ते आले तुमचा पाठ होऊन गेल्यावर. तुम्ही काय शिकवणार ते शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. तो सगळा आठवडा चौथीला मीच शिकवत होते."