शेजारच्या खुर्चीतले काका

बाबांचे तीन तारे कापले गेले. पण घरात असं काही झालेलंच नाही, असं आमचं ठरलंय.

माझा आवडता सिनेसमीक्षक पडद्याइतकंच थिएटरही बघतो. म्हणून तर मी त्याचं ऑनलाइन परीक्षण कधी चुकवत नाही. गेल्या महिन्यात त्याने लिहिलं, "नायक मेला तरी खोटाच वाटला. याउलट शेजारच्या खुर्चीतले काका जीव ओतून घोरत होते. सिनेमाला एक तारा, काकांना चार."

ते काका म्हणजे आमचे बाबा. नोकरीत उभा जन्म गेला, पण त्यांना कुणी कधी "शाब्बास" म्हटलं नव्हतं. त्यांनी ते परीक्षण सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.

"इतकी वर्षं मी फुकटात ऐकतेय," आई म्हणाली.

"तुला कलेतलं काय कळतंय!"

पुढच्या शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या खेळाला गेले आणि बरोबर समीक्षकाशेजारी बसले. पण टेन्शनमुळे झोप कसली येतेय! मग त्यांनी डोळे मिटून नुसताच आवाज काढला.

शनिवारी परीक्षण आलं. "काका आता अभिनय करू लागलेत. एक तारा."

बाबा जेवले नाहीत. आईने परीक्षण दोनदा वाचलं आणि मला हळूच म्हणाली, "माणूस खरं लिहितो रे."

तरी समीक्षक महोदयांना नम्र विनंती, की त्यांनी कोणत्याही रविवारी दुपारी आमच्या घरी येऊन, पलंगाशेजारी खुर्ची टाकून बाबांचं फेरपरीक्षण करावं. आईची हरकत नाही. फक्त बेल वाजवू नये.