घंटेतले गाणे

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांच्या उशाशी बिनतारी घंटेची कळ ठेवण्यात आली. घंटेची धून निवडण्याची सोय होती. सुनेने आपले सर्वांत आवडते गाणे निवडले. किती हाका आल्या, तरी मनात कटुता उपजू नये, एवढाच हेतू. पूर्वी ते गाणे कानी पडले की तिच्या हातातले काम आपसूक थांबत असे. वर्षे लोटली. आज सासूबाईंनीच तिला मैफलीला धाडले. "जा गं, लेक आलीय माझी. एक संध्याकाळ घंटा वाजली की तिला पळू दे," त्या हसत म्हणाल्या. सभागृहात गायिकेने नेमके तेच गाणे आरंभिले. श्रोत्यांनी डोळे मिटले. सून मात्र ताडकन उभी राहिली. "अगं, बस ना, तुझंच गाणं आहे," पतीने हात ओढला. ती ओशाळून बसली. गाणे रंगत गेले, आणि अंधारात तिचे पाय चपला शोधत राहिले.