स्वच्छ रेकॉर्डिंग

"आवाज फाटला," कानांवरचे हेडफोन मागे सारत नवरा म्हणाला. तिचा वरचा सा लागताच पडद्यावरची हिरवी पट्टी लाल झाली होती.

संगीतशिक्षिकेच्या जागेसाठी पाठवलेलं पहिलं रेकॉर्डिंग शाळेने याच कारणासाठी परत केलं होतं. नवीन पाठवायला आज संध्याकाळपर्यंतची मुदत होती. इतकी वर्षं घरी बसल्यावर चालून आलेली ही संधी तिला हातची जाऊ द्यायची नव्हती.

"सगळ्यांत चढी ओळ आधी गा. तिच्यावर लेव्हल लावू."

ती गायली. पट्टी पिवळ्यावर थांबली. मग तिने हळुवार ओळ घेतली. परत ऐकताना त्या ओळीमागे स्पष्ट आवाज आला. ठक. ठक.

"आले समीक्षक!" नवरा हसला.

भिंतीपलीकडे एकटेच राहणारे निवृत्त मुख्याध्यापक हे दोघांचं आवडतं गाऱ्हाणं होतं. ती गायला बसली की त्यांची काठी भिंतीवर पडायचीच. जिन्यात भेटले की वर ऐकवायचे, "बाई, सूर चांगला आहे हो, पण भिंती पातळ आहेत."

"आज बसून ठोकताहेत वाटतं," ती म्हणाली. आवाज जमिनीलगतून येत होता. नेहमीचा खणखणीतपणा त्यात नव्हता. तो बोथट होता, थांबून थांबून येत होता. "जाऊन विनंती करू का? थोडाच वेळ थांबा म्हणून?"

"अगं, दारातच व्याख्यान सुरू करतील, मुदत निघून जाईल. त्यापेक्षा तू माईकच्या जवळ ये, मी गेन उतरवतो. जवळचं तेवढं येईल, लांबचं येणारच नाही."

ती क्षणभर भिंतीकडे पाहत राहिली. मग पुढे सरकली. ठोके पुसट झाले. त्याने गेन आणखी उतरवला, ती आणखी सरकली. आता हेडफोनमध्ये तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता आणि त्यामागे निखळ शांतता होती.

गाणं एका दमात झालं. पट्टी एकदाही लाल झाली नाही. रेकॉर्डिंग पाठवून तिने भिंतीला हात जोडले. "उपकार झाले, सर! शेवटच्या कडव्याला तरी सोडलंत."

पलीकडे खरोखरच सामसूम होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. निवड झाली होती. "आवाज अगदी स्वच्छ आलाय," फोनवरच्या बाई म्हणाल्या.

ही बातमी आधी समीक्षकांनाच सांगायची, असं म्हणत तिने हसतच दार उघडलं. जिन्यात त्यांची मुलगी उभी होती. डोळे सुजलेले.

"बाबा गेले, ताई. काल दुपारी पडले असणार, खुब्याचं हाड मोडलं होतं. तसेच सरपटत तुमच्या भिंतीपर्यंत आले होते." तिने डोळे पुसले. "डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत जीव होता. मुठींची सालटं निघालीत हो... तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"